पाळलेली नव्हती, होती

बिरा,

गाठ कॅन्सरची नव्हती.

बातमीतलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य सगळ्यात वर घ्यायचं, हकिकत मागून येऊ द्यायची, हे तुला किती वर्षं सांगत आलो. तू ऐकलं नाहीस. तुझी चोरीची बातमीसुद्धा आदल्या दिवशीच्या बाजारापासून सुरू व्हायची आणि चोर चौथ्या परिच्छेदात यायचा. मी कॉपी उलटी करून छापायचो. आजची कॉपी माझी आहे, म्हणून वाक्य वर आहे. ते तुला शेवटी कळलं होतं की नाही, हे मला पक्कं करता आलेलं नाही. सुमनवहिनी म्हणतात, कळलं होतं. डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. दोघांचं म्हणणं पुढे दिलं आहे.

तुझ्या निधनाची बातमी आपल्या अंकात एक कॉलम आली. गाव, शिक्षण, कुठल्या समितीवर होतास, मागे कोण आहे, हे सगळं तिथे आहे. इथे ते पुन्हा देत नाही. इथे लिहायचं आहे ते आपल्या दोघांतल्या एका वादाबद्दल. एका शब्दावरचा वाद. आपण तो मिटवला नव्हता. घाई काय आहे, असं दोघांनाही वाटत होतं.

तू वडूजहून बातम्या पाठवायचास. दुपारच्या साताऱ्याच्या गाडीला कंडक्टरकडे पाकीट द्यायचास, आपला शिपाई स्टँडवर जाऊन ते घेऊन यायचा. पाकिटावर लाल शाईने लिहिलेलं असायचं: ‘बातमी आहे. दाबू नये.’ नवा आलेला प्रत्येक जण ते वाचून हसायचा, आणि तू एसटीच्या लोकांना उद्देशून लिहिलं आहेस की आम्हाला, असं विचारायचा. मी सांगायचो, दोघांना.

असंच एक पाकीट म्हसवडच्या पुढच्या माळावरच्या लांडग्यांचं होतं. मेंढ्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा उघड्यावरचा तळ, तिथे लांडगे घुसले होते. तू लिहिलं होतंस, ‘लांडग्यांच्या हल्ल्यात मेंढ्या दगावल्या आणि वाड्यावरच्यांपैकी एक, कुत्री, झुंजताना गेली.’ मी ते वाचलं आणि पेन उचललं. ‘वाड्यावरच्यांपैकी एक’ एवढं वाचून लोकांना वाटणार, माणूस मेला. मी केलं, ‘मेंढपाळांची पाळीव कुत्री ठार.’ शब्द कमी झाले, अर्थ स्पष्ट झाला. पुढचं पाकीट उघडलं.

दुसऱ्या दिवशी अंक वडूजला पोचला आणि तुझा फोन आला.

“काय रं, पाळीव कोण म्हणलं तुला?”

“मेंढपाळांची कुत्री होती ना? मग पाळीवच.”

“आमी कुत्री पाळत न्हाई.”

“मग कोण पाळतं?”

“कुणीच न्हाई. ती असती. आमच्यात असती. मेंढरं आमी पाळतो. कुत्री आमच्यासंगं मेंढरं पाळती. आता सांग, पाळीव कोण?”

“बिरा, बातमीत एवढं बसत नाही.”

“मग खालची चहाची जाहिरात काढ की गड्या.”

मी हसलो. तू हसला नाहीस. मग म्हणालास, “तुमच्या वाईला कुत्रं येक तर पाळल्यालं, न्हाईतर बेवारशी. मधलं तुमच्यात काय न्हाईच.” आणि फोन ठेवलास.

मी वाईचा. आमच्या घाटावरची कुत्री पायऱ्यांवर पडलेली असतात, भाविक त्यांना ओलांडून जातात आणि नगरपालिकेची गाडी आली की ती दिसेनाशी होतात. तुझं म्हणणं खरं होतं. मधलं आमच्यात काही नव्हतं. पण शब्दाबाबत मी हटलो नाही. तूही नाहीस. मग तो वाद आपल्यात राहायला आला. साताऱ्याला आलास की खुर्ची ओढता ओढता विचारायचास, “काय सायेब, आज काय पाळलं?” मी म्हणायचो, नियम पाळले. तू म्हणायचास, “तेवढंच पाळ. बाकीचं असू दे.”

एकदा माझ्या घरी जेवताना तू माझ्या बायकोला विचारलंस, “वहिनी, ह्याला तुमी पाळलाय, का ह्यो आपला असतो?”

ती वाढता वाढता म्हणाली, “असतो. पाळला असता तर ऐकला असता.”

तुला ठसका लागला. पाणी प्यायल्यावरही तू हसत होतास. त्या दिवशी तू रुपीचं सांगितलंस. तुझ्या लहानपणी तुमच्या वाड्यावर असलेली, एक कान फाटलेली कुत्री. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन तुम्ही कोकणात उतरायचात तेव्हा थंडीत तू तिच्या पोटाशी झोपायचास. एकाच थाळीत जेवायचात. तुझी आई म्हणायची, “दोघं बी एकाच येळंला जल्मलाय, एकाच थाळीत गिळा.” पुढे एका मास्तरांनी तुला म्हसवडच्या शाळेत घातलं, वसतिगृहात ठेवलं, आणि मेंढरं सुटली. हे तू कधी लपवलं नाहीस. कुणी विचारलं तर छाती काढून सांगायचास. पण कुणी विचारलं तर.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तू साताऱ्याला आलास ते सुमनवहिनींना घेऊन. जेवलं की पोट दगडासारखं होतं, म्हणालास. वरच्या बाजूला, डावीकडे. सोनोग्राफीला मी बरोबर होतो. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर एक काळा गोल दाखवला. स्वादुपिंडाला लागून पाण्याने भरलेली गाठ आहे, म्हणाले. पुढचा तपास सांगलीला किंवा पुण्याला करा. वहिनींची बहीण सांगलीत होती. सांगली ठरलं.

बाहेर बाकावर बसून तू मला विचारलंस, “कशाला म्हणला?”

“स्वादुपिंड. जठराच्या मागे असतं. पचनाचा रस तयार करतं.”

“नाव तर बघ. स्वाद बी आन् पिंड बी. जेवान आन् दहावा एकाच शब्दात उरकला की.”

वहिनी पाणी आणायला गेल्या होत्या म्हणून तू हे बोललास. त्या येताना दिसल्या तेव्हा आवाज खाली आणलास. “आन् गाठ म्हणू नगंस तिच्यापुढं. गाठ म्हणलं की आमच्याकडं माणूस गेलाच म्हणत्यात.”

“मग काय म्हणू?”

“पिशवी म्हण. पाण्याची पिशवी. पिशवी कुनाकडं बी असती.”

शब्दांवरून माझ्याशी भांडणाऱ्या माणसाने त्या दिवशी माझ्याकडून एक शब्द मागून घेतला. मी वहिनींना पिशवीच म्हणालो. बस लागेपर्यंत आपण तिघंही पिशवीच म्हणत होतो.

सांगलीहून तू मला डेस्कवर फोन केलास. तपासाची माहिती तू बातमीसारखी दिलीस, आणि आयुष्यात पहिल्यांदा महत्त्वाचं आधी सांगितलंस.

“लीड घे. स्कॅन झाला. पिशवी एकच हाय, मोठ्या लिंबाएवढी, स्वादुपिंडाच्या शेपटाला. आता मजकूर. शक्यता दोन. पैली, साधी. स्वादुपिंडाला कवातरी सूज येती, रस बाहेर पडतो, त्येच्याभोवती पिशवी तयार व्हती. तिला भ्यायचं कारण न्हाई. पन त्येला आदी दुखणं पायजे, न्हाईतर दारू, न्हाईतर पोटाला मार. माझ्याकडं ह्यातलं कायबी न्हाई. दुसरी, खरी गाठ. आज गरीब, उद्या कॅन्सर. तशी असंल तर मोठं ऑपरेशन. स्कॅनवर दोन्ही सारख्याच दिसत्यात. म्हणून सुई घालून थोडं पाणी काढणार, ते तपासणार, मग ठरवणार.”

“तिसरी काही शक्यता?”

“हाय म्हणला. पन ती आपल्याला लागू न्हाई.”

लाइन स्वच्छ होती. आपण नंतर कांद्याच्या भावावर बोललो. मी सांगलीला येऊ का, असं विचारलं. तू म्हणालास, “नुसती सुई हाय रं. पान टाकून येऊ नगंस. झालं की मीच फोन करतो.”

यापुढचं मी पाहिलेलं नाही. वहिनींनी सांगितलं ते लिहितो. मी त्यांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा शब्द तेच होते.

आदल्या दिवशी सर्जननी तुला प्रश्न विचारले होते. दारू? तू म्हणालास, “एकदा जत्रंत. ती बी ओकली.” पोटाला कधी मार लागला? “मास्तरनी हातावर मारलं, पोटावर न्हाई.” पोटात असह्य दुखून दवाखान्यात राहावं लागलं होतं? नाही. घरात कुणाला टीबी? नाही. कुत्रं पाळलंय?

“न्हाई.”

डॉक्टर पुढच्या प्रश्नाला गेले.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत त्यांनी सुई घातली. वहिनींना पायाशी उभं राहू दिलं होतं. सिरिंजमध्ये पाणी आलं. वहिनींनी वाईट काहीतरी येईल अशी मनाची तयारी केली होती, रक्त, नाहीतर पू. आलं ते निखळ पाणी होतं. त्यांना बरं वाटलं. डॉक्टरांनी सिरिंज उजेडात धरली आणि तिच्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात तू मानेला खाजवलंस. मग छातीला. मग हसलास.

“रुपीच्या पिसवा चावल्यागत व्हतंय.”

डॉक्टर वळले. “कोण रुपी?”

“त्यांची कुत्री,” वहिनी म्हणाल्या. “ल्हान असतानाची.”

“काल तर म्हणालात कुत्रं नाही.”

त्यावर तू बोललास ते तुझं शेवटचं पुरं वाक्य.

“पाळल्याली न्हवती, सायेब. व्हती.”

त्यानंतर खोलीत धावपळ झाली. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास अडकायला लागला. डॉक्टर इंजेक्शनं देत होते, सलाइन उघडत होते आणि मोठ्याने बोलत होते. ते वाक्य वहिनींनी जसंच्या तसं सांगितलं: “तुम्हाला कॅन्सर नाही. ऐकू येतंय का? कॅन्सर नाही तुम्हाला.” वहिनी म्हणतात, तू मान हलवलीस. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “श्वासासाठी धडपडणाऱ्या माणसाची मान हलते. ती होकाराची होती असं मी म्हणू शकत नाही. नव्हती असंही नाही.”

तुला खोलीतून अतिदक्षता विभागात नेलं. तिथून तू परत आला नाहीस.

मी पोचलो तेव्हा वहिनी जिन्यात बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, “भावजी, पिशवीच निगाली वो.”

त्या सर्जनना भेटायला मी बातमीदार म्हणून गेलो नव्हतो, पण सवयीने वही काढली. त्यांनी वहीकडे बघितलं आणि नको म्हणाले नाहीत. तिसरी शक्यता हीच होती; निखळ पाणी बघून त्यांना शंका आली, रुपीचं ऐकून खात्री झाली. कुत्र्याच्या आतड्यात एक बारीक जंत असतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, केसांना चिकटतात, हातावरून, थाळीतून माणसाच्या पोटात जातात. मग शरीरात कुठेतरी पाण्याची पिशवी तयार होते आणि वर्षानुवर्षं सावकाश वाढत राहते. बहुतेक वेळा यकृतात, कधी फुप्फुसात. स्वादुपिंडात क्वचितच. तिथे झाली की ती हुबेहूब गाठीसारखी दिसते. आत पडदे असते, भिंतीत चुना धरला असता, तर स्कॅनवर ओळखता आली असती. तुझी भिंत गुळगुळीत होती, आत काहीच नव्हतं. पिशवी फुटत नाही तोवर ती निरुपद्रवी असते. आतलं पाणी शरीरात सांडलं तर एखाद्याला ते सोसत नाही.

“म्हणून तिला सुई लावत नाहीत,” ते म्हणाले. “आधी ओळखायची, रक्त तपासायचं, गोळ्या द्यायच्या, मग पोट उघडून, चारी बाजूंनी झाकून घेऊन अलगद काढायची. माणूस घरी जातो. फिल्मवर सगळ्या सारख्या दिसतात म्हणून तर माणसाला विचारायचं असतं. मी विचारलं होतं. त्यांनी नाही सांगितलं, आणि मी त्या बाजूचे सगळे प्रश्न सोडून दिले. समोर पँट-शर्टातला पत्रकार बसला होता. मेंढ्यांचं विचारायचं माझ्या मनातही आलं नाही.” मग म्हणाले, “त्यांनी नाही का म्हणावं, हेच मला समजत नाही. खोटं बोलणारा माणूस वाटला नाही.”

मला ते त्यांचं बोलणं संपायच्या आधी समजलं होतं, बिरा. सातारा जिल्ह्यात आणि सांगली जिल्ह्यात मिळून, तू त्या प्रश्नाला नाही का म्हणालास हे सांगू शकणारा एकच माणूस होता, आणि तो तेव्हा साताऱ्यात बाजारभावांचं पान लावत होता.

मी डॉक्टरांना लांडग्यांच्या बातमीची हकिकत सांगितली. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “म्हणजे मी काय विचारायला हवं होतं?” मी सांगितलं, लहानपणी कुणाजवळ झोपत होता, असं विचारलं असतं तर तो तासभर बोलला असता. त्यांनी ते ऐकलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी वही मिटली. तीत काहीच लिहिलेलं नव्हतं.

निघताना त्यांनी एक काम सांगितलं. वाड्यावर तुझे वडील, आबा, आणि तुझ्या भावाची मुलं आहेत. त्यांना हे कळायला हवं. मेंढी कापली की तिचं कच्चं काळीज, फुप्फुस, आतडी कुत्र्याला घालायची नाहीत, हात धुवायचे, थाळी वेगळी, आणि सगळ्यांची एकदा सोनोग्राफी करून घ्यायची. “हे कुणीतरी त्यांच्या भाषेत सांगायला हवं,” ते म्हणाले. मी हो म्हणालो. माझी भाषा त्यांची नाही, हे त्यांना माहीत नव्हतं.

तुझा दहावा म्हसवडला नदीकाठी झाला. पात्रात पाणी नव्हतं, कडेच्या डबक्यावरून भागवलं. पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. माणसांनी सुटकेचा श्वास टाकला. कुणीतरी म्हणालं, काही इच्छा राहिली नाही. मला तुझा बाकावरचा विनोद आठवला. स्वाद बी आन् पिंड बी. मी पाठ फिरवून उभा राहिलो. पत्रकाराने अशा वेळी समोर बघायचं असतं. कावळ्याचं काहीतरी चुकलं असावं असं मला वाटतं. तुझ्या खूप इच्छा राहिल्या होत्या. एक तर मला ठाऊक आहे: मी त्या शब्दावर हार मानलेली तुला ऐकायची होती.

दहाव्यानंतर मी वाड्यावर जायला निघालो तेव्हा वहिनींनी मला अडवलं.

“आवं भावजी, आबास्नी कुत्रीचं सांगू नगा.”

“पोरं आहेत तिथे, वहिनी.”

“मी सांगते पोरास्नी, हात धुवा म्हणून. पन म्हाताऱ्याला न्हाई. आता हाय ती रुपीच्याच वंशातली हाय. पोरगं तिच्यापायी गेलं म्हणलं तर म्हातारा कुऱ्हाड उचलंल. तिच्यावर न्हाईतर सोतावर. एक गेला तेवढा बास झाला.”

त्यांचं चुकत नव्हतं. गाव कॅन्सर म्हणत होतं. ‘गाठ’ एकदा तोंडातून गेली की गाव दुसरं काही म्हणत नाही. म्हाताऱ्यालाही तेच माहीत होतं. कॅन्सरला कुणी जबाबदार नसतं, त्याचा राग कुणावर काढता येत नाही. तू असतास तर काय म्हणाला असतास, याचा मी बसमध्ये विचार केला. ‘बातमी आहे. दाबू नये.’ दुसरं काही सुचलं नाही.

आबा वाघरेजवळ, मेंढ्यांभोवती लावलेल्या जाळीपाशी, घोंगडीवर बसले होते. तुझ्या भावाची बायको चुलीपाशी होती. तिचा धाकटा मुलगा भाकरीचा तुकडा खात होता. त्याच्याशेजारी ती कुत्री बसली होती. दोन्ही कान धड, बाकी तू सांगितलेलीच. पोराने तुकडा मोडून तिच्यापुढे धरला. तिने तो हातातूनच घेतला आणि त्याचा हात चाटला. पोराने त्याच हाताने पुढचा घास तोंडात घातला.

ते बघितल्यावर न सांगण्यात अर्थ नव्हता.

“कॅन्सर व्हता म्हणत्यात,” आबा म्हणाले.

“नव्हता, आबा.”

“मग?”

मी सांगितलं. जंत, अंडी, थाळी, पिशवी, सुई. वाक्यं लहान ठेवली. जिथे अडलो तिथे तुझे शब्द वापरले. रुपीचं नाव घ्यायची वेळ आली तेव्हा घेतलं. म्हातारा जमिनीकडे बघत होता. चुलीपाशी भाकरी थापायचा आवाज बंद झाला होता.

आबा म्हणाले, “काळजात निगत्यात तसल्या पिशव्या. मेंढरू कापलं की. निगाली की तिलाच टाकतो.” त्यांचा हात घोंगडीवरून खाली गेला. शेजारी काठी होती. मी काठीकडे बघितलं. त्यांनी नुसती धूळ सारखी केली.

“डागदरनं इचारलं न्हवतं का बिराला?”

“विचारलं होतं. कुत्रं पाळलंय का म्हणून.”

“काय म्हणला?”

“नाही म्हणाला.”

म्हाताऱ्याने पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहऱ्यावर गोंधळ होता. एवढं सोपं या शिकलेल्या माणसाला कसं कळत नाही, असा.

“बरूबर हाय की मग,” ते म्हणाले. “पाळत कोन हाय?”



आबांनी सुनेला हाक मारली. आजपासून काळीज, आतडं, फोफसं उघड्यावर पडायचं नाही; एकतर शिजंल, न्हाईतर खोल पुरायचं. पोरांनी हात धुतल्याबिगर भाकरीला शिवायचं नाही. थाळी ज्याची त्याची. मेंढरं एकमेकांवर टाकून पाळीपाळीनं समद्यांनी सांगलीला जाऊन यायचं. सून मान हलवत होती. पोराने भाकरी खाली ठेवून हाताकडे बघितलं.

मग म्हातारा कुत्रीकडे वळला. तिने मान वर केली.

“तू बी आयकलंस न्हवं?” ते तिला म्हणाले. “आता कच्चं न्हाई. मिळंल ते शिजवून मिळंल. रुसायचं न्हाई.”

सुनेशी, नातवाशी आणि तिच्याशी ते एकाच आवाजात बोलले होते. तिने जांभई दिली आणि डोकं पायांवर ठेवलं. आबांनी तोंडावर घोंगडी ओढून घेतली तेव्हा ती उठून त्यांच्या पाठीशी जाऊन बसली.

मी साताऱ्याला परत आलो. शिपाई अजून दुपारी वडूजच्या गाडीला जातो. त्याला जाऊ नको असं कुणी सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही. तो रिकाम्या हाताने येतो, माझ्याकडे बघत नाही, आणि मी पुढचं पाकीट उघडतो.

चूक झाली तर दुसऱ्या दिवशी त्याच पानावर दुरुस्ती द्यायची, हाही नियम तुला मीच सांगितला होता. ही उशिरा देतो आहे.

दुरुस्ती: म्हसवड परिसरातील लांडग्यांच्या हल्ल्याच्या बातमीत ‘मेंढपाळांची पाळीव कुत्री ठार’ असे छापले गेले होते. ते वार्ताहराने मूळ लिहिल्याप्रमाणे ‘वाड्यावरच्यांपैकी एक’ असे वाचावे.